सिकलसेलवरची आडवाट
सातपुड्यातील अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या सदोष जनुकामुळे होणारा आनुवंशिक रक्तविकार अनोळखी नाही, म्हणून २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराविषयी येथे लिहितो. यात रुग्णाच्याच रक्ताच्या मूलपेशी बाहेर काढून, विजेच्या क्षणिक झटक्याने त्यांच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रे पाडून क्रिस्पर-कॅस९ हे जनुके कापणारे साधन आत सोडतात. ते सदोष जनुकाला हातही न लावता गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या दुसऱ्याच जनुकाचा नियंत्रक भाग तोडते आणि जन्मानंतर मागे पडलेले ते हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊन सदोष हिमोग्लोबिनची उणीव भरून काढू लागते. ही आडवाट मला विलक्षण हुशारीची वाटते. ‘लिफजेनिया’ या याच आजारावरच्या दुसऱ्या उपचारात मात्र निरुपद्रवी केलेला लेंटिव्हायरस हा विषाणू नवे जनुक पेशीत पोहोचवतो. दोन्हींत आधी तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. शिवाय ‘कॅसजेव्ही’ची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर. सातपुड्यात आज भिस्त आहे ती रक्ततपासणी आणि हायड्रॉक्सियुरिया या औषधावर.