नव्या कपाटात कवड्यांना बाईन लागला

आरे-वारेच्या कवड्या गेल्या. पावसाळ्याआधी नव्या कपाटात ज्या खणात हौसेने मांडल्या होत्या, तो खण उघडला तर निम्म्यांवर पांढरी लव आलेली. बोट फिरवलं की पूड हाताला लागते आणि खाली खडूसारखा कोरडा, निस्तेज पृष्ठभाग उरतो. जिच्यात खिडकीचे गज दिसायचे, ती मोठी ठिपक्यांची कवडीसुद्धा त्यात आहे. फार जिवाला लागलं.

पहिला संशय बुरशीवर. आपल्याकडचा पाऊस चपला, पुस्तकं, कमरेचा पट्टा, कशालाच सोडत नाही. दुसरा संशय मिठावर, कारण शंखात खार राहिला की तो दमट हवेत बाहेर येतो. पण पूड पाण्याच्या थेंबात विरघळली, म्हणजे बुरशी नव्हे. तोच थेंब काचपट्टीवर सुकवून भिंगाखाली धरला. मिठाचे चौकोनी खडे कुठेच नाहीत, नुसते बारीक रेशमी सुयांचे झुबके. कॅल्शियम ॲसिटेट. म्हणजे बाईनच, शंखांवर अशी पांढरी पूड येणारा तथाकथित ‘बाईनचा रोग’.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. लॉफ्टस बाईन या इंग्रज संग्राहकाने 1899 साली यावर लिहिलं आणि दोष ब्यूटिरिक आम्लाला दिला. 1985 मध्ये टेनंट आणि बेअर्ड या संशोधकांनी अशा पुडीचं पृथक्करण केलं, तेव्हा त्यात ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लांचे कॅल्शियम क्षार निघाले. रोग वगैरे काही नाही. लाकडातून, प्लायमधून, एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीतून) आम्लाची वाफ सुटते, बंद खणात कोंडते आणि दमट हवेत शंखातलं कॅल्शियम कार्बोनेट खात बसते. व्हिनेगरमध्ये शिंपला टाकल्यावर जे होतं तेच, फक्त सावकाश आणि आवाज न करता.

आता खरी गंमत. त्याच खणात मिरकरवाडा बंदरातून आणलेल्या घोळ माशाचं सामान होतं: जबडा, दात आणि डोक्यातले दोन खडे. जबडा जसाच्या तसा. दात चकचकीत. खडे मात्र पांढऱ्या लवेने माखलेले! एकाच माशाचं कॅल्शियम, एकाच खणात, आणि निकाल वेगळा. कारण घोळीचा कानखडा शंखासारखाच कार्बोनेटचा, म्हणजे ॲरागोनाइट या त्याच्या स्फटिक प्रकाराचा असतो. हाडात आणि दातात कॅल्शियम फॉस्फेटशी बांधलेलं असतं, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या रूपात, आणि ते इतक्या सहज सुटत नाही. माणसाच्या शरीरातलंही सुमारे 99 टक्के कॅल्शियम असंच हाडांत आणि दातांत बांधलेलं असतं.

सहज सुटत नाही, पण सुटतं. खात्रीसाठी दोन वाट्यांत किराण्याचं साधं व्हिनेगर घेतलं. एकीत तिसरीचं (खायच्या शिंपल्याचं) कवच टाकलं, ते लगेच फसफसलं, बुडबुड्यांवर चढून थोडं उचललंही गेलं. दुसरीत सुरमईचा मणका टाकला. कडेला चार-दोन बुडबुडे, बाकी शांत. पण व्हिनेगर बदलत राहिलो तसा तो मऊ पडत गेला आणि शेवटी बोटांत दाबला की चेपतो, सोडला की परत फुगतो. खनिज निघून गेलं, कोलॅजन या प्रथिनाचा सांगाडा उरला. हाडाला ताठपणा कॅल्शियम देतं आणि चिवटपणा कोलॅजन, हे पाठ होतं. ते बोटांना कळलं तेव्हा फार आनंद झाला. यावरून एक ठरलं: हाडांची साफसफाई व्हिनेगरने करायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकायचा नाही.

आम्ल येतं कुठून, याचा माग आता लागलाय. ओलसर निळा लिटमस रात्रभर खणात ठेवला तर सकाळी लालसर. खणाचा तळ एमडीएफचा, हे एक. दुसरं म्हणजे काच बसवताना सुताराने वापरलेलं सिलिकॉन. त्याला आंबूस वास येतो तो ॲसिटिक आम्लाचाच. हा प्रकार सुकताना तेच सोडतो. ‘न्यूट्रल क्युअर’ (सुकताना हे आम्ल न सोडणारं) लिहिलेली नळी थोडी महाग मिळते, पण आपल्या कामाला तीच हवी. दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे’ एवढंच सांगतात. वाफेबद्दल विचारलं की तोंडाकडे बघतात.

सध्याचा उपचार: कवड्या आणि कानखडे बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत, पाणी बदलत, मग पंख्याखाली पूर्ण सुकवून झाकणाच्या काचेच्या बरण्यांत, सोबत ओलावा शोषणारं नारिंगी सिलिका जेल. गेलेली चकाकी परत येत नाही. तेलाचा हात फिरवून चमक आणणं मला पटत नाही, त्यावर धूळ बसते आणि खालची झीज दिसत नाही.

खणांना आतून व्हार्निश मारायचं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिता ते रद्द करतोय, कारण व्हार्निशमधून काय सुटेल कोण जाणे. त्याऐवजी मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिसं! घासून चकचकीत केलेलं शिसं ॲसिटिक वाफेत पांढरं पडतं, संग्रहालयांतही शिशाची पट्टी वापरून अशीच चाचणी करतात. प्रत्येक खणात एकेक टांगतो, (हाताळल्यावर हात धुवायचे) म्हणजे कुठला खण किती वाईट ते दिसेल. आणि एका खणात तिसऱ्यांच्या कवचांची बारीक पूड वाटीत ठेवून बघतो. आम्लाला खायचंच असेल तर आधी ती खाऊ दे. पूड जितकी बारीक तितका पृष्ठभाग जास्त, त्यामुळे खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करणार आहे.

पावडर कोटिंगचं स्टीलचं कपाट किनाऱ्यालगत कुणी वापरलंय का? गंज किती येतो, ते कळवा.