यान भंगाराचं, ऊन खरं

प्रयोगशाळेच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत मोडकी बाकं, बंद पडलेला रेडिओ, जळालेल्या मोटारी, रंगाचे रिकामे डबे असं काय काय साठलेलं असायचं. शाळेच्या दप्तरी त्याची नोंद भंगार म्हणून होती. आमच्या टोळक्याला मात्र त्यात इंजिनं, धुराडी, इंधनाच्या टाक्या आणि अँटेना दिसत. आम्ही अंतराळपट काढत होतो. चित्रकलेच्या सरांकडे त्यांचा स्वतःचा सुपर-8 कॅमेरा होता आणि तो त्यांनी आमच्या हातात विश्वासानं दिला, या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्या कॅमेऱ्याचं रीळ 15 मीटर लांब. सेकंदाला 18 चित्रांच्या वेगानं ते 3 मिनिटं 20 सेकंदांत संपायचं. त्यामुळे एकेका दृश्याआधी आम्ही जितका विचार केला, तितका मी पुढे कुठल्याच परीक्षेच्या वेळी केला नसेल.

यान बांधायची सुरुवात वस्तू गोळा करण्यापासून होते, आणि गोळा करताना नजर बदलावी लागते. शाम्पूची बाटली हातात घेतली की आधी तिचं नाव विसरायचं. मग दिसतो तो खांद्याशी निमुळता होत गेलेला एक दंडगोल. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले फुगवटे एका ओळीत कापून लावले की इंधनाच्या टाक्यांची रांग तयार. टूथपेस्टचं झाकण, कॅसेटमधली दातेरी चाकं, संपलेल्या रिफिली, रेडिओतल्या सर्किटचा तुकडा, फिल्मच्या रिळाची काळी डबी, सायकलचा वाकडा स्पोक, सगळं कामाला यायचं. आमचा नियम एकच होता. जी वस्तू पडद्यावर ओळखू येईल ती अर्धी कापायची, उलटी बसवायची किंवा दुसऱ्या वस्तूच्या पोटात घुसवायची. पेनाचं टोपण टोपण म्हणून दिसलं की त्याच्याबरोबर सगळं यान पेनाएवढं होतं.

आणि मग राखाडी रंग. लाल झाकण, हिरवी बाटली, पिवळी नळी, चमकदार पाकीट, सगळ्यावर एकच राखाडी हात फिरला की तासाभरापूर्वीचा कचरा एका कारखान्यात घडवल्यासारखा एकजीव दिसायचा. तो क्षण मी अनेकदा पाहिला आहे आणि एकदाही त्यातली जादू कमी झाली नाही. त्यावर सर किंचित गडद आणि किंचित फिकट राखाडीचे चौकोन रंगवून घ्यायचे, म्हणजे पत्रे वेगवेगळ्या वेळी बसवल्यासारखे वाटत. खिडक्या मी करायचे. सुई तापवून बारीक भोकं पाडायची आणि आतून टॉर्चचा बल्ब लावायचा. यानाचा आकार प्रेक्षक खिडकीवरून ठरवतो. त्याच बाटलीला मोठी खिडकी पाडली तर ती एका माणसाची कुपी होते, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या शंभर खिडक्या पाडल्या तर तेच शहर होतं.

चिकटवण्याचं शास्त्र वेगळंच. ते शिकवलं रसायनशास्त्राच्या बाईंनी. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. त्याला थिनर किंवा स्प्रेचा रंग लागला की ते विरघळून आत बसतं. म्हणून आधी फेव्हिकॉलचा थर द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच वर रंग लावायचा. शाम्पूच्या बाटल्यांचं दुखणं उलटं. त्यांच्या प्लास्टिकला डिंक धरत नाही, रंगही पापुद्रा होऊन निघतो. पॉलिश पेपरनं घासून पृष्ठभाग खरखरीत केला तर थोडा उपयोग होतो, पण खरा भरवसा स्क्रूवर आणि आरपार ओवलेल्या तारेवर. आजच्या मुलांना ओळख पटवणं सोपं आहे. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतो. 2 किंवा 5 असेल तर डिंकाचा नाद सोडायचा, 6 असेल तर ते पॉलिस्टायरिन, थिनर लांब ठेवायचा.

हे सगळं करताना आम्हाला वाटायचं की ही फक्त आपलीच युक्ती. नंतर कळलं की जगातल्या मोठ्या स्टुडिओंतही हेच चालतं. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या यानांवरची बारीकसारीक यंत्रं म्हणजे दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या खेळण्यांच्या संचांतले सुटे भाग होते. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला डोक्यावरून सरकत जाणारं, संपता संपत नाही असं वाटणारं ते यान प्रत्यक्षात जेमतेम 91 सेंटिमीटर लांबीचं होतं. त्याआधी 1968 मध्ये दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकनं दुसरा मार्ग धरला होता. त्याच्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातल्या मुख्य यानाची मोठी प्रतिकृती सुमारे 16 मीटर लांब होती. मला स्वतःला पहिली रीत जास्त जवळची वाटते. लहान वस्तू मोठी भासवण्यात जी बुद्धी लागते, ती मोठी वस्तू बांधण्यात लागत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमचं यान ओबडधोबड दिसतं, असं कुणी म्हटलं की आम्ही अपोलोच्या चांद्रयानाचा फोटो दाखवायचो. चंद्रावर उतरणारं ते यान फक्त निर्वातात उडण्यासाठी बनवलं होतं. हवाच नसेल तर निमुळतं नाक आणि पंख कशाला? म्हणून त्याला कोपरे आहेत, कोळ्यासारखे पाय आहेत, मधेच बाहेर आलेल्या पेट्या आहेत. त्याचं बाहेरचं आवरण काही ठिकाणी 0.3 मिलिमीटर इतकं पातळ होतं आणि वर सोनेरी वर्ख गुंडाळलेला. आम्ही तो वर्ख भेटवस्तूच्या चमकत्या कागदाचा केला, तेव्हा आम्ही वास्तवापासून फार लांब नव्हतो.

पण या लेखात मला मुख्यतः सांगायचं आहे ते उजेडाबद्दल, कारण यान कशाचंही चालतं, उजेड मात्र खरा लागतो. हे शिकवलं भौतिकशास्त्राच्या बाईंनी. त्यांनी आमचं हातभर लांब यान टेबलावर ठेवलं, त्याच्या शेपटीपासून एक मीटरवर बल्ब धरला आणि विचारलं, "नाकावर किती उजेड पडतो?" अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उजेड कमी होतो, हे आम्ही पाठ केलं होतं, पण ते कशासाठी असतं हे तोवर माहीत नव्हतं. यान 60 सेंटिमीटर लांब असेल तर नाक बल्बपासून 1.6 मीटरवर येतं, म्हणजे तिथे शेपटीच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी उजेड. बघणाऱ्याला गणित ठाऊक नसतं, पण दिवा जवळ आहे हे त्याच्या डोळ्याला तत्काळ कळतं, आणि दिवा जवळ म्हणजे वस्तू लहान. सूर्य 15 कोटी किलोमीटरवर आहे. त्याचा उजेड यानाच्या दोन्ही टोकांवर सारखाच पडतो.

मग आम्ही यान उचलून अंगणात आणलं. खऱ्या सूर्याखाली. मागे काळं मखमली कापड, कारण मखमल उजेड गिळते, साध्या काळ्या कापडाला उन्हात राखाडी झाक येते. बाजूंनीही काळं कापड धरलं, कारण पृथ्वीवर निळं आकाश सावलीतही उजेड भरतं आणि अंतराळात सावली जवळजवळ ठार काळी असते. उन्हाचा दुसरा फायदा सरांनी दाखवला. भरपूर उजेड असल्यामुळे लेन्सचं छिद्र 11 किंवा 16 वर नेता येतं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आणि छिद्र जितकं लहान तितकं पुढचं-मागचं सगळं स्पष्ट. खेळण्याचा जवळून काढलेला फोटो ओळखू येतो तो त्यातल्या धूसर भागामुळे. नाकापासून शेपटीपर्यंत सगळं स्वच्छ दिसलं की मेंदू अंतर वाढवतो आणि यान आपोआप मोठं होतं. एका उन्हानं दोन प्रश्न सोडवले.

ताऱ्यांवरून मात्र वाद झाला. आमच्यातल्या निम्म्यांना काळ्या पुठ्ठ्याला भोकं पाडून मागून दिवा लावायचा होता. बाई म्हणाल्या, अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर काढलेले फोटो बघा, आकाश काळं आहे आणि तारे नाहीत, कारण उन्हात उजळलेल्या वस्तूसाठी कॅमेऱ्याचं शटर इतका कमी वेळ उघडतं की तारे उमटतच नाहीत. सर म्हणाले, प्रेक्षकाला तारे हवे असतात. शेवटी उन्हातल्या दृश्यांत तारे नाहीत आणि यान ग्रहाच्या सावलीत शिरलं की तारे, असं ठरलं. आजही मला तो निर्णय सुंदर वाटतो.

राहिला वेळ. प्रयोगशाळेत लंबक सगळ्यांनीच मोजला आहे. एक मीटरचा लंबक जाऊन परत यायला सुमारे दोन सेकंद घेतो, पाव मीटरचा एक सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. हाच नियम पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला लागतो. 20 मीटरवरून सोडलेला दगड दोन सेकंदांत खाली येतो, 20 सेंटिमीटरवरून सोडलेला 0.2 सेकंदात. म्हणजे शंभरपट लहान प्रतिकृतीची पडझड खरी दिसायची तर चित्रण दहापट वेगानं करून नेहमीच्या वेगानं दाखवायला हवं. चंद्रावर गुरुत्व एक षष्ठांश, तिथे आणखी अडीचपट. सरांचा कॅमेरा जास्तीत जास्त सेकंदाला 54 चित्रं घ्यायचा, म्हणजे तिप्पटच. चंद्रावर उतरण्याचं दृश्य त्यानं होणं शक्य नव्हतं.

तोड काढली कार्यशाळेच्या सरांनी. सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचे आटे एकमेकांपासून बरोबर एक मिलिमीटरवर असतात. यान त्या जाडीच्या लांब आटेदार सळईवर बसवलं, सळई काळी रंगवली. नट एक फेरा फिरवला की यान एक मिलिमीटर खाली. कॅमेऱ्याला एकेक चित्र घेण्याची कळ होती. फेरा, चित्र, फेरा, चित्र. जमीन जवळ आली की अर्धा फेरा, मग पाव, म्हणजे वेग कमी होत गेलेला दिसतो. इंजिनाच्या झोतानं उडणारी धूळ मी बारीक ब्रशनं दर चित्राला थोडी थोडी बाहेर सरकवत होते. हवा नसल्यामुळे चंद्रावरची धूळ ढगासारखी तरंगत नाही, सरळ रेषांत फेकली जाते आणि झोत थांबताच संपते. हातानं सरकवलेली धूळ नेमकी तशीच दिसली. पायांना जमीन लागली ते चित्र घेताना खोलीत कुणी बोलत नव्हतं.

विज्ञान प्रदर्शनात तो चित्रपट दाखवला. लोकांना आवडला.

आज शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या घरच्या फोनमध्ये बहुधा सेकंदाला 240 चित्रं घेणारा कॅमेरा आहे. 24 च्या वेगानं दाखवलं तर बरोबर दहापट. शंभरपट लहान यान पृथ्वीसारख्या ग्रहावर कोसळताना दाखवायला आम्हाला जे हवं होतं, ते तुमच्या खिशात आहे. ते दृश्य आमच्या पटकथेत होतं आणि कॅमेऱ्याअभावी वगळावं लागलं. त्याची रेखाचित्रं मी जपून ठेवली आहेत, मखमलीचं कापडही आहे. दोन्ही यंदा प्रयोगशाळेच्या स्वाधीन करते. कुणी यान बांधायला घेतलं तर कार्यालयातून माझा पत्ता घ्या, मी करवत आणि पॉलिश पेपर घेऊन येईन.