चिकटलेल्या जाळ्या

शनिवार, १८ जानेवारी

गाडीच्या डॅशबोर्डला बोट लागले की बोटाला काळा चिकटा येतो, ही तक्रार आमच्या घरात गेली दोन वर्षे चालू होती. मागच्या आठवड्यात एसीच्या जाळीचा डाग आईच्या पांढऱ्या पातळाच्या पदराला पडला आणि तो कशानेच निघेना, तेव्हा कुठे या कामाला मुहूर्त लागला. गाडी २००६ सालची आहे. २०२१ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी तिची पुन्हा नोंदणी करून घेताना इंजिन पाहिले, पत्रा पाहिला, टायर पाहिले. जाळ्यांकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

हे असे का होते, ते आधी समजून घेतले. हाताला रबरासारखे मऊ लागावे आणि उन्हात चमकू नये म्हणून अशा प्लास्टिकवर कारखान्यातच पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. हवेतले बाष्प त्या थरातल्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत राहते आणि शेवटी त्या थराचा डिंक होतो. उष्णता असेल तर हे काम अधिकच वेगाने होते. रत्नागिरीच्या हवेत बाष्पाला तोटा नाही आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड साठ अंशांच्याही पुढे तापतो. थोडक्यात, उकडीच्या मोदकांना द्यावी तशी वाफ आणि आच आम्ही त्याला अठरा वर्षे देत आलो.

गॅरेजवाल्या दादांचे मत वेगळे होते. ते म्हणाले, "जाळ्या काढायच्या भानगडीत पडू नका, जुनं प्लास्टिक आहे, तुटेल. टेप लावून जागेवरच स्प्रे मारून देतो." त्यांची भीती खोटी नव्हती, पण डिंकावर रंग बसत नाही आणि जागेवर मारलेला फवारा जाळीतल्या हलत्या पट्ट्यांच्या बिजागऱ्यांत शिरून त्या कायमच्या जखडून टाकतो, म्हणून मी त्यांचे ऐकले नाही.

थंड प्लास्टिक पटकन तुटते, त्यामुळे गाडी दोन तास उन्हात ठेवली आणि दुपारी कामाला बसलो. जाळीच्या भोवती डॅशबोर्डवर कागदी टेप लावली, विजेरीने आत डोकावून खिट्ट्या कुठे आहेत ते पाहिले आणि स्क्रू ड्रायव्हरऐवजी घावने उलटायचे प्लास्टिकचे उलथणे फटीत घातले. (ते स्वयंपाकघरातून आणले, हे घरात आज रात्रीपर्यंत कळलेले नाही.) पट्ट्यांना धरून ओढायचे नाही, चौकटीलाच हळूहळू, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी उचलायचे, एवढे पथ्य पाळल्यावर मधल्या दोन आणि डावीकडची एक अशा तीन जाळ्या निघाल्या. चौथी, चालकाच्या बाजूची, निघता निघेना. हेअर ड्रायरने शेकली, तरीही शेवटी "टक्" असा आवाज झालाच. खालची एक खिट्टी मुळापासून गेली होती. चौकटी ज्याच्या असतात त्या एबीएस नावाच्या प्लास्टिकला चिवटपणा देणारा रबराचा अंश ऊन आणि हवेने वर्षानुवर्षे निकामी होत जातो आणि चालकाच्या बाजूने आमच्या गाडीवर रोज दुपारचे ऊन येते. दादांना हे सांगायचे की नाही, ते उद्या ठरवीन.

रविवार, १९ जानेवारी

आजचा दिवस खरवडण्यात गेला. थिनर एबीएसलाच विरघळवतो, म्हणून औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. जुन्या बनियनच्या चिंध्या त्यात भिजवून चौकटीवर दोन-दोन मिनिटे ठेवल्या की तो थर काकवीसारखा सुटून येत होता. चार चौकटींना साडेतीन तास लागले. मागच्या बाजूचा स्पंज हात लावताच भुगा होऊन पडला. एसी लावल्यावर समोरून काळे कण का उडत होते, त्याचा उलगडा तिथे झाला.

चौकटी उलट्या केल्या तेव्हा मागे 'एबीएस' आणि पट्ट्यांवर 'पीपी' अशी बारीक अक्षरे दिसली. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्यावर साधा रंग धरत नाही आणि धरलाच तरी रोजच्या हलवण्याने त्याचे पापुद्रे सुटतात. पट्ट्याही रंगवायच्या, असा माझा आग्रह होता. तो इथेच सोडला आणि त्या फक्त साबणाच्या पाण्यात दात घासायच्या ब्रशने धुतल्या. तुटलेल्या खिट्टीच्या जागी प्लास्टिकचा तुकडा ठेवून फेविक्विक आणि खाण्याचा सोडा एकावर एक टाकला. तो मिश्रणाचा थर क्षणात दगडासारखा होतो आणि मग कानशीने घासून त्याला आकार देता येतो.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि दहाच्या सुमाराला अंगणात दोरीवर चौकटी टांगल्या. पहाटेचे मतलई वारे तोवर पडलेले असतात आणि खारे वारे अजून सुटायचे असतात. फवारणीला लागतो तेवढाच शांत वेळ मधे मिळतो. आदल्या दिवशी सहाशे नंबरच्या वॉटर पेपरने घासून ठेवलेल्या चौकटींवर प्रथम प्लास्टिकचा प्रायमर आणि त्यावर मॅट काळ्या रंगाचे तीन पातळ हात, वीतभर अंतरावरून, प्रत्येक हातानंतर पंधरा मिनिटे थांबून दिले.

वाऱ्याचा हिशेब बरोबर होता, पण कलमांचा विसरलो. आंब्याला मोहोर आला आहे आणि मोहोराबरोबर तुडतुडे येतात. तिसरा हात ओला असतानाच दोन तुडतुडे येऊन मधल्या चौकटीला चिकटले. ओल्या रंगात बोट घालण्याचा मोह आवरला, दुपारी रंग सुकल्यावर तेवढाच भाग हजार नंबरच्या पेपरने घासला आणि तो हात पडवीत, चादरीच्या आडोशाला पुन्हा दिला.

गुरुवार, ३० जानेवारी

नवा स्पंज चिकटवून जाळ्या आज बसवल्या. तीन लगेच बसल्या. चौथीची जोडलेली खिट्टी अर्धा मिलिमीटर जाड झाली होती, ती तीन वेळा काढून घासावी लागली. आईने बोट फिरवून पाहिले, ते पदराला पुसून पाहिले आणि काही न बोलता गाडीत बसली. हातखंब्यापर्यंत जाऊन आलो. खड्ड्यांत उजवीकडची जाळी बारीक खुळखुळते.