घंटा वाजली की

माझी भाची नीटच्या क्लाससाठी दोन वर्षं नांदेडला माझ्याकडं राहते. रविवारची टेस्ट झाली की तिला दोन-तीन तास मोकळे मिळतात. मागच्या रविवारी मी तिला म्हटलं, चल, तुझ्याएवढी असताना मला फार आवडलेला एक सिनेमा दाखवते. 'सिक्स्टीन कॅन्डल्स'. 1984 चा, दिग्दर्शक म्हणून जॉन ह्यूजचा पहिला. एका मुलीचा सोळावा वाढदिवस आणि घरातले सगळे तो विसरलेले. मॉली रिंगवाल्डचा तो हिरमुसलेला चेहरा भाचीलाही लगेच आवडला.

थोड्या वेळानं तिनं लॅपटॉप थांबवला. "मावशी, हा आला की घंटा का वाजते?"

हा म्हणजे लाँग डक डाँग. नायिकेच्या आजी-आजोबांनी सोबत आणलेला, आशियातून अमेरिकेत शिकायला आलेला मुलगा. त्याचं नाव निघालं किंवा तो दिसला की मागं मोठी थाळी बडवल्याचा आवाज येतो. नावसुद्धा कुठल्या घरात बारशाला ठेवतील असलं नाही, इंग्रजी कानाला अचकट वाटावं म्हणून जुळवलेलं. ती भूमिका केलेला गेडी वातानाबे अमेरिकेतच, यूटा राज्यात जन्मलेला. इंग्रजी हीच त्याची भाषा. ते मोडकंतोडकं बोलणं त्यानं भूमिकेसाठी घेतलेलं.

भाचीला हे सगळं सांगता आलं असतं. पण मी गप्प बसले, कारण ती घंटा माझ्या ओळखीची आहे.

1991 साली मी वसमतहून पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दार वाजवलं आणि मी आतून ओरडले, "थांब, मी यायले." बाहेर क्षणभर शांतता, मग हसण्याचा लोट. आमच्याकडं 'मी येतेय'ला 'मी यायले' म्हणतात. माझी आई म्हणते, आजी म्हणायची, मला जगात दुसरं काही म्हणतात हेच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून माझं नाव 'यायले' पडलं. "यायले जेवायले का?" "यायले अभ्यास करायले!" मी पहिल्या सहामाहीत गणितात वर्गात दुसरी आले तेव्हासुद्धा वाक्य हेच होतं, "यायले पास व्हायले."

त्याच वर्षी एका शनिवारी मुलींनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणला. दोन हिंदी कॅसेटी आणि हा एक इंग्रजी. खोलीत पंधरा-वीस जणी. डाँग आला, घंटा वाजली आणि खोली हसून लोळली. मीही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. त्या दीड तासात हसण्याचा विषय मी नव्हते, दुसरा कुणीतरी होता. त्याचं इतकं हलकं वाटलं की घरून आल्यापासूनची सगळ्यात चांगली संध्याकाळ म्हणून मी ती जपून ठेवली होती. सिनेमा आवडला होता तो यामुळं. हे मला इतक्या वर्षांनी, भाचीनं विचारल्यावर कळलं.

कारण सोमवारची सकाळही त्याच गोष्टीचा भाग आहे, आणि ती मी आठवणीतून बाजूला सारली होती. नाश्त्याला मेसमध्ये शिरले आणि एकीनं चमच्यानं स्टीलचं ताट वाजवलं. टण्‌! मग दुसरीनं. दोन-तीन महिने हे चाललं. मी काही बोलायची गरजच उरली नव्हती. आधी निदान माझ्या तोंडून शब्द बाहेर पडावा लागायचा, आता दारात दिसले तरी पुरे होतं. मी रात्री उशिरा, मेस रिकामी झाल्यावर जेवायला जाऊ लागले. पुढं बोलणंही बदललं. आजही ऑफिसमध्ये मी 'येतेय' म्हणते, आणि आईचा फोन आला की जीभ आपोआप वळते.

अमेरिकेतल्या शाळांतही हेच झालं होतं. त्या काळात वाढलेल्या आशियाई वंशाच्या अनेक पुरुषांनी पुढं सांगितलंय की सिनेमा आल्यावर शाळेत त्यांचं नाव 'डाँगर' पडलं. चिनी, कोरियन, जपानी, सगळ्यांचं एकच. मी ते वाचलं तेव्हा मला स्टीलच्या ताटाचा आवाज ऐकू आला.

संध्याकाळी दाजी गावाकडून ज्वारीचं पोतं घेऊन आले. भाचीनं त्यांना सगळं सांगितलं. दाजी म्हणाले, "तवा चालायचं ते. आताच्या मापानं मोजलं तर एक बी पिक्चर बघता यायचा नाही."

दाजी मनानं फार चांगले आहेत, पण 'तवा चालायचं' हे मला मान्य नाही. कुणाला चालायचं? 1982 च्या जूनमध्ये, म्हणजे सिनेमाच्या दोनच वर्षं आधी, डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन नावाच्या तरुणाला मोटार उद्योगातल्या दोन गोऱ्यांनी बेसबॉलच्या बॅटनं मारलं. जपानी गाड्यांमुळं तिथल्या नोकऱ्या जात होत्या, तो राग होता. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा होता. तो मेला. मारणाऱ्यांना प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड झाला, तुरुंग नाही. आशियाई अमेरिकन लोक त्यावर रस्त्यावर उतरले होते. सिनेमानं ते घडवलं असं मी म्हणत नाही, क्रमच उलटा आहे. पण त्या हवेत एका मुलाच्या चेहऱ्याला घंटा बांधणं हे तेव्हाही कुणाला तरी बोचत होतंच. चालायचं ते न बोचणाऱ्यांना.

डाँगच्या बाजूनं बोलायचं तर बोलता येतं. तो त्या सिनेमातला सगळ्यात मजेत असलेला माणूस आहे. नायिका रडत असते तेव्हा तो पार्टीत नाचतो, त्याच्याहून उंच धिप्पाड मुलीच्या प्रेमात पडतो, पिऊन झाडावरून खाली येतो. झाडावरून पडणाऱ्याला हसायला माझी हरकत नाही. पिऊन पडला तर माझ्या सख्ख्या मामालाही आम्ही हसू. त्याच्या जागी शिकागोचा गोरा पोरगा ठेवला तरी झाडावरचं हसू तसंच राहतं. घंटा मात्र त्या पोराला लावता येत नाही. ती डाँगच्या कुठल्याच कृतीवर वाजत नाही, तो जे आहे त्यावर वाजते. म्हणून मी त्या विनोदाला वंशद्वेषी म्हणते, 1984 सालीही तो तसाच होता असं म्हणते. मराठीत 'वर्णद्वेष' म्हटलं की दक्षिण आफ्रिका डोळ्यांपुढं येते, म्हणून मेसमधल्या ताटाला तो शब्द लावायला जीभ धजत नाही. आपण 'टिंगल' म्हणतो आणि सोडून देतो.

मॉली रिंगवाल्डनं स्वतः 2018 मध्ये आपल्या या सिनेमांवर मोठा लेख लिहिला. डाँगचं पात्र म्हणजे एक विकृत साचा आहे असं तिनं त्यात स्पष्ट म्हटलंय. तरी तिनं ते सिनेमे फेकून दिले नाहीत. मलाही फेकायचे नाहीत. 'पडोसन' मी आजही बघते. पण 1968 चा तो सिनेमा नीट बघा. मेहमूदनं केलेल्या दाक्षिणात्य मास्तरला खरोखर गाणं येतं. समोरचा नुसते ओठ हलवतो, गाणारा आड लपलेला असतो. आणि खिडकीतल्या त्या जुगलबंदीत हरतो मास्तरच. आपण टाळ्या वाजवतो, कारण त्याच्या हिंदीनं आपण आधीच त्याला हरवलेलं असतं. धर्माबाद-देगलूरच्या घराघरांत तेलुगू बोलली जाते, त्या भाषेला आम्ही 'यंडुगुंडू' म्हणत मोठे झालो.

आणि सरदारजींचे विनोद. नांदेडात! 1708 साली गुरू गोविंदसिंगजींनी जिथं देह ठेवला, त्या गावात. सहावीपर्यंत मी मावशीकडं राहून नांदेडच्या शाळेत शिकले. वर्गात एक शीख मुलगी होती, माझी मैत्रीण. घरी पंजाबी, गल्लीत दखनी आणि आमच्याशी आमच्यासारखीच मराठी बोलायची. सिनेमा आला त्याच 1984 च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांना घरातून ओढून जाळलं गेलं. आमच्या वर्गातले 'बारा वाजले'चे विनोद त्यानंतरही एक दिवस थांबले नाहीत. त्या विनोदांविरुद्ध एक शीख वकील बाई 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. लोकांनी कसं वागावं याची नैतिक नियमावली आम्ही घालून देऊ शकत नाही, असं न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. मला ते पटतं. कशावर हसायचं हे कोर्टानं सांगू नये. म्हणून तर ते आपल्यावर येतं.

रात्री भाची झोपल्यावर मी त्या मैत्रिणीला फोन लावला. तिला विनोद एकही आठवत नव्हता. आठवत होती ती छोटी सुट्टी, बारा वाजताची. शिपाईमामा टोल द्यायचे आणि सगळा वर्ग मान वळवून तिच्याकडं बघायचा. काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. सव्वाअकरापासून तिच्या पोटात कालवायचं, म्हणाली.

मी म्हणाले, मीपण बघायचे.

"माहीत हाय की," ती म्हणाली. "तू माझ्या पुढच्याच बाकावर बसायचीस."