मधली तुकडी

आमच्या घरात हल्ली दूध उतू गेलं, पाय घसरला, गॅस संपला, की एकच उद्गार निघतो. "आयगो!" तो कुठून आला यावर मतभेद आहेत. मी म्हणते, कोरियातून. सासूबाई म्हणतात, रत्नागिरीतून. त्यांची आजी पाटावरून उठताना गुडघे धरून हेच म्हणायची, "आई गो!" टीव्हीवरची सोलची एक बाई कमरेवर हात ठेवून 'आयगो' करत पहिल्यांदा जिना उतरली, तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "ही आपल्यातली की काय गो?"

तेव्हापासून आम्ही दोघी रात्री साडेनऊला कोरियन मालिका बघतो. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, माझं बावन्न. हिंदी डबिंग त्यांनी दोन दिवसांत बाद केलं. "सगळ्या बायका एकाच बाईच्या आवाजात रडतात," हे त्यांचं कारण, आणि ते अगदीच खोटं नाही. मग आवाज मूळ कोरियन ठेवायचा, खाली इंग्रजी पाट्या, आणि त्या पाट्यांचं तोंडी मराठी करायला मी. म्हणजे घरातली सबटायटल्स मीच. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. इंग्रजी पाटीत सगळ्यांना नुसती नावं असतात, पण कानावर येतं 'अन्नी', म्हणजे बाईने थोरल्या बहिणीला किंवा आपल्याहून मोठ्या मैत्रिणीला मारलेली हाक. मी तिथे 'ताई' घालते. लग्न झालेल्या बाईला तर गल्लीत कोणी नावाने हाकच मारत नाही. ती अमक्याची आई. हे सासूबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचं स्वतःचं नाव मला लग्नानंतर दोन वर्षांनी रेशन कार्डावर कळलं होतं.

या मालिका अ‍ॅपवर 'खंबीर नायिका' अशा पाटीखाली रांगेत मांडलेल्या असतात. खंबीर म्हणजे काय, याबद्दल त्या अ‍ॅपचं आणि माझं जमत नाही. त्या रांगेत पहिल्यांदा सापडली २०१७ सालची 'स्ट्राँग वुमन डो बाँग-सून'. या बाईच्या घराण्यात अचाट ताकद आईकडून लेकीकडे येते, मुलग्यांना मिळतच नाही, आणि वाईट कामाला वापरली तर निघून जाते. कल्पना झकास. सासूबाई पहिले दोन भाग खूप हसल्या. तिसऱ्या भागात मला जांभई आली. जी पोर एका हाताने गुंड भिरकावते, ती निम्मा वेळ ही ताकद लपवत फिरते, कारण तिच्या आवडत्या पोलीस मित्राला नाजूक मुली आवडतात! खांबाला धडक देणारी बाई नजरेला नजर द्यायला घाबरते. हे मला पटत नाही. बाकीच्या खंबीर नायिकांचंही तेच. अकरा भाग कंपनी चालवतात, कोर्ट गाजवतात, आणि बाराव्यात चक्कर येऊन पडतात. मग सलाइन, बाजूला खुर्चीत नायक. आणि ते मनगट धरून ओढत नेणं! अहो, तिला पाय आहेत.

'द ग्लोरी' मी एकटीने बघितली, हेडफोन लावून. शाळेत ज्यांनी केस कुरळे करायच्या तापल्या लोखंडाने अंगावर डाग दिले, त्यांचा हिशोब वर्षानुवर्षं मनात मांडून ठेवणारी बाई, साँग हे-क्योने केलेली. मला राजपुत्र नको, माझ्याबरोबर तलवार घेऊन नाचणारा जल्लाद हवा, अशा अर्थाचं ती एका भल्या डॉक्टरला सांगते. जबरदस्त मालिका. पण परत लावायची हिंमत होत नाही, आणि सासूबाईंना ती वाचून दाखवायची तर नाहीच.

मला ज्या बायका खंबीर वाटल्या त्या जेवणाच्या वेळेला वाटल्या. तलवार-बंदूक सोडा, कोरियन मालिकेत कोण काय खातं, कुणाबरोबर बसून खातं, याकडे लक्ष ठेवावं. खरी मारामारी तिथे असते.

'रिप्लाय १९८८' घ्या. सोलमधली सांगमुन-दोंग नावाची गल्ली, पाच कुटुंबं, ऑलिम्पिकचं वर्ष. डॉक-सन ही मधली मुलगी. थोरली बोरा हुशार आणि तापट, धाकटा लाडका. थोरलीचा वाढदिवस हिच्या वाढदिवसाच्या आगेमागे, म्हणून दोघींना मिळून एकच केक, दरवर्षी. ते सोसून झाल्यावर एका वाढदिवसाला ही पोर फुटते, आणि फुटते ती अंड्यावर. तळलेलं अंडं ताईला आणि भावाला. मला का नाही? मला बीन्सच आवडतात असं कुणी सांगितलं? कोंबडीची तंगडीही कायम त्या दोघांना, मला पंख! आणि ताईचं नाव बोरा, भावाचं नो-अल, मग माझंच नाव असं जुनाट का? नाकातोंडातून पाणी येत असताना ती हे सगळं एका दमात बोलते. मी वाचता वाचता मागे पडले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, कळलं." अंड्याचं दुःख भाषेच्या पलीकडचं असतं. नंतर बाप गल्लीत केक घेऊन येतो आणि कबूल करतो, की बाप होण्याची माझीही ही पहिलीच वेळ आहे. तिथे मी रडले. सासूबाई नाही. "अंडं दिलं का पण?" त्यांनी विचारलं.

ज्या १९८८ सालची ही गोष्ट आहे, तेव्हा तिथल्या कायद्याने घराचा प्रमुख पुरुषच असे. 'होजू' म्हणत त्या पद्धतीला. बाप गेला की प्रमुखपद मुलाकडे, मग तो रांगणारा का असेना, आणि आई त्याच्या नावाखाली. हे २००५ साली घटना न्यायालयाने चुकीचं ठरवलं आणि २००८ पासून मोडीत निघालं. म्हणजे अगदी परवा. आजही ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या गटात बाई आणि पुरुष यांच्या पगारातली सर्वांत मोठी दरी दक्षिण कोरियातच आहे, साधारण ३० टक्क्यांची. मला वाटतं, पडद्यावर अंड्यावरून एवढा कल्लोळ होतो तो यामुळेच. 'रिप्लाय' लिहिणारी ली वू-जंग, 'ग्लोरी' लिहिणारी किम अन-सुक, तिथल्या मालिकांची बरीच मोठी नावं बायकांची आहेत. कुणाच्या पानात काय पडलं हे त्यांनी मोजलेलं असणार.

'रिप्लाय'मधलाच दुसरा एक प्रसंग वाचून दाखवणं मला जड गेलं. जंग-ह्वानची आई, रा मि-रान, गल्लीतली सगळ्यात दणदणीत बाई. तिला पासपोर्टचा अर्ज भरायचाय. मुलगा म्हणतो, इंग्रजीत नाव लिही ना. ती इकडचं तिकडचं बोलत राहते, आणि मग हळूच सांगते. मी खालची पाटी बघितली आणि तोंडातून शब्द फुटेना. कारण जे वाचायचं होतं ते असं होतं, की आईला इंग्रजी वाचता येत नाही. आणि ज्यांना वाचून दाखवायचं होतं त्या माझ्या शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. चौथी पास. "थांबलीस का?" त्या म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी एक जुडी संपवून दुसरी सोडली. "गुणी आहे हो मुलगा," एवढंच म्हणाल्या.

जेवणाचा विषय निघाला की 'दे जांग गम' सोडून चालत नाही. २००३-०४ मधली ही चोपन्न भागांची ऐतिहासिक मालिका, ली यंग-ए नायिका, तिकडे काही भागांना निम्म्याहून जास्त टीव्ही तिच्यावरच लागलेले असत. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात शिकायला आलेली छोटी जांग-गम. पदार्थात गोडवा कशाचा, असं मुलींना विचारतात. ही सांगते, पिकलेल्या पर्सिमनचा. कशावरून? चावताना त्याची चव लागली म्हणून म्हटलं, आणखी कशावरून सांगू? टोमॅटोसारखं दिसणारं ते फळ आता आपल्याकडेही मिळतं. मी आणून ठेवलं, सासूबाईंनी चाखून बघितलं. "चिकू बरा नव्हता?" असं त्याबद्दलचं मत. पण ते उत्तर त्यांना फार आवडलं. आमटीला काय कमी आहे हे बाईला जिभेवर कळतं, ते तिने कशावरून सिद्ध करायचं? पुढे ही जांग-गम राजाची वैद्य होते. त्या नावाची स्त्री वैद्य राजा जुंगजोंगच्या दरबारात खरोखर होती, इतिवृत्तात तिचे उल्लेख आहेत. थोडेच आहेत. बाकीची चोपन्न भागांची बाई लोकांनी रचली.

'एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू' मधली वू यंग-वू ही ऑटिझम असलेली वकील. ती रोज किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात खाते, कारण कापलेल्या चकतीत आत काय काय आहे ते सगळं समोर दिसतं, चवीला दगाफटका नाही. कँटीनमध्ये ती मैत्रिणीला सांगते, तू वसंतातल्या उन्हासारखी आहेस. का? तर तू मला बाटलीचं झाकण उघडून देतेस, आणि कँटीनमध्ये किंबाप कधी आहे ते सांगणारेस. कोर्टातली तिची भाषणं मी विसरले. ते झाकण आठवतं.

'डॉक्टर चा' बद्दल आमच्यात भांडण झालं. चा जंग-सुक डॉक्टरकी शिकलेली, पण वीस वर्षं घर सांभाळणारी. यकृत निकामी होतं. नवऱ्याचं जुळतं, तो द्यायला कबूलही होतो, पण त्याची आई आडवी येते. मी सासूबाईंकडे बघितलं. "माझ्याकडे काय बघतेस? मी दिलं असतं हो," त्या म्हणाल्या. मग बरी झाल्यावर ही बाई अर्धवट सुटलेलं प्रशिक्षण पूर्ण करायला त्याच रुग्णालयात जाते जिथे नवरा मोठा सर्जन आहे आणि मुलगा तिच्याच पायरीवर शिकतोय. शेवटी घटस्फोट, आणि एक देखणा डॉक्टर जीव टाकत असताना ती त्यालाही नाही म्हणते. स्वतःचा दवाखाना काढते. मला हे फार आवडलं. सासूबाईंना नाही. "तो चांगला होता की गो. यकृत त्याच्याकडूनच घ्यायचं होतं."

आणि मग टँजरीन्स. 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स', २०२५, सोळा भाग. याचं मूळ नाव जेजू बेटाच्या बोलीतलं आहे, अर्थ साधारण 'फार कष्ट उपसलेत हो'. हे मी वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी टीव्हीला मान डोलावून उत्तर दिलं. सगळं कोकणच: समुद्र, डोक्याला फडकी, फक्त वाऱ्याने उडणारी लुगडी नाहीत एवढंच. नायिका ए-सूनची आई हॅन्यो, म्हणजे श्वास रोखून समुद्रात बुडी मारणारी, तळातून शिंपले काढणारी बाई. या बायकांची परंपरा युनेस्कोच्या यादीत २०१६ साली गेली. ही आई एकोणतिसाव्या वर्षी जाते. त्याआधीचं एक दृश्य असं, की पोर काकाकडे राहायला असते, तिथे मासळी सगळ्यांच्या पानात, हिच्या नाही.

सासूबाईंनी टीव्ही थांबवायला सांगितला. रिमोट त्या हातात घेत नाहीत. मग सांगितलं, त्यांच्या माहेरी सुरमई आली की मधल्या तुकड्या पुरुषांच्या पंगतीला जायच्या. बायकांना डोकं, शेपूट, आणि कालवणातला तळ. "डोकं चवीला असतं," असं त्या मला तीस वर्षं सांगत आल्या आहेत. त्या रात्री म्हणाल्या, "असतं चवीला. पण दर वेळी?"

पुढे ए-सूनचं ग्वान-सिकशी लग्न होतं. सासरी मोठ्या टेबलावर मोठी माणसं, आणि सून आणि नात वेगळ्या बुटक्या चौरंगावर. एके दिवशी ग्वान-सिक एक शब्द न बोलता मोठ्या टेबलाकडे पाठ फिरवतो आणि बायको-मुलीकडे तोंड करून जेवायला बसतो. बस, एवढंच. ओरडणं नाही, पार्श्वसंगीताचा धबधबा नाही. आणि ए-सून म्हणते, माझी मुलगी जेवण मांडणारी नको, टेबल उलथवणारी व्हायला हवी. हा माणूस बघून देशभरातल्या नवऱ्यांची पंचाईत झाली असणार, आमच्याकडच्याचीही झाली. मी दृश्य पुन्हा लावलं. डोळे पुसले. सासूबाईंनी दोन्ही वेळा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं फिरून बसण्यापेक्षा मोठं टेबल घ्यायचं ना."

रविवारी सुरमई आणली. तळून मीच काढली, वाढायला त्या बसल्या, कारण तो मान अजून त्यांचाच. हात आपोआप गेला आणि मोठी मधली तुकडी लेकाच्या पानात पडली. त्याने भाताला हात घातला. तेवढ्यात त्या थांबल्या. पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बंद टीव्हीकडे बघितलं. "आयगो," म्हणाल्या, आणि लेकाच्या पानातली तुकडी चिमट्याने परत उचलली.

"अगं आई?" तो म्हणाला.

मला वाटलं, आता माझ्या पानात येणार. मी भात जरा बाजूला सारला. त्यांनी ती तुकडी स्वतःच्या पानात ठेवली, वर लिंबू पिळलं, आणि शेपूट माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "कुरकुरीत आहे, खा."