घराण्यातलं बीपी आणि माझा मिठाचा हिशेब

आईला चाळिशीत बीपीची गोळी सुरू झाली, मामाला त्याही आधी. त्यामुळे एका साध्या तपासणीत माझा आकडा १५२/९६ आला तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. वंशपरंपरेनं आलंय, गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं, असंच मीही धरून चालले होते. मीठ कमी करून काय होणार, आडातच आहे ना!

डॉक्टरांनी मात्र लगेच गोळी लिहिली नाही. म्हणाले, आधी आठवडाभर घरी मोजून आणा. सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीला. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० पासून बीपी जास्त धरतात, घरच्या मोजणीत १३५/८५ पासून, कारण डॉक्टरांसमोर पुष्कळांचं बीपी नुसत्या धास्तीनं चढतं. माझी सगळी भिस्त या धास्तीवर होती. सरासरी आली १४६/९२.

मग घराण्याची चौकशी झाली. कुणाला, कितव्या वर्षी, पक्षाघात कुणाला, किडनीचा त्रास कुणाला. मी विचारलं, "सरळ जनुकांची तपासणीच करून टाकू का?" डॉक्टर हसले. "करा, पण शोधायचं कोणतं जनुक?"

एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होणारा उच्च रक्तदाब असतो, पण तो दुर्मीळ. १९६३ साली वर्णन झालेला लिडल सिंड्रोम हे त्याचं उदाहरण. त्यात किडनीतला, मिठातलं सोडियम परत शोषून घेणारा मार्ग बंदच होत नाही, उघड्या राहिलेल्या नळासारखा. असे आणखीही काही प्रकार सापडले आहेत आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळ्यांचा धागा किडनी मीठ कसं हाताळते इथेच येऊन पोहोचतो. फार लहान वयात बीपी वाढलं, पोटॅशियम विनाकारण कमी निघालं, घरात तरुणपणीच पक्षाघात झाले, तर डॉक्टर या दिशेनं शोध घेतात. माझं पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक होतं. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन या, किडनीला मीठ धरून ठेवायला लावणाऱ्या संप्रेरकांची तपासणीही केली, कारण अल्डोस्टेरॉन जास्त झाल्यामुळे वाढणारं बीपी वाटतं तितकं विरळ नाही. तीही सरळ आली.

उरलं ते आमच्यासारख्या बहुतेकांचं बीपी. त्यात जनुकीय आराखड्यावरच्या हजाराहून अधिक जागांचा वाटा आढळला आहे, पण एकेका जागेचा परिणाम इतका बारीक की बहुधा बीपीचा एक आकडासुद्धा भरत नाही. माणसामाणसांच्या बीपीमधल्या फरकापैकी साधारण ३० ते ५० टक्के भाग आनुवंशिकतेचा मानतात. हा आकडा ऐकून मला आधी दिलासा वाटला, मग लक्षात आलं की उरलेल्या भागाचं उत्तर मलाच द्यायचं आहे.

माझं मत खऱ्या अर्थानं फिरवलं ते उंदरांनी. अमेरिकेतले संशोधक लुईस डाल यांनी १९६०च्या दशकात उंदरांचे दोन वाण वाढवले. मीठ खाल्लं की एकाचं बीपी भराभर चढे, दुसऱ्यावर फारसा परिणाम होत नसे. १९७४ मध्ये त्यांच्या गटानं किडन्यांची अदलाबदल केली. मिठाला बळी पडणाऱ्या वाणाची किडनी दुसऱ्या वाणात बसवली तर त्याचं बीपी वाढलं, आणि उलट केलं तर उतरलं. म्हणजे वारशात आली होती ती किडनीची मीठ बाहेर टाकण्याची कुवत, आणि ती उघडी पडायला मीठ लागत होतं. आईकडून मलाही तसंच काही आलं असेल, तर घराण्याचा इतिहास हे मीठ सोडून देण्याचं निमित्त कसं होईल? तेच तर कमी करण्याचं कारण.

आता मी किती मीठ खाते, हा प्रश्न. "फार नाही," असं मी ठामपणे सांगितलं. असं सगळेच सांगतात, म्हणून चोवीस तासांची लघवी तपासायचं ठरलं. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची डब्यात, अगदी दुसऱ्या सकाळच्या पहिलीसकट. सुट्टीचा दिवस निवडा, एवढंच सुचवेन. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीतून जातं, त्यामुळे हा हिशेब आठवणीपेक्षा खरा. सोडियम आलं १७८ मिलिमोल. १७ मिलिमोल म्हणजे एक ग्रॅम मीठ, म्हणजे माझं साडेदहा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ग्रॅमपेक्षा कमीची आहे.

वरून मीठ घ्यायची सवय मला नव्हतीच, मग ते येत होतं कुठून? पाकिटांतून. लेबलवर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ. १०० ग्रॅमला ५०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ, आणि पावासारख्या जिभेला खारट न लागणाऱ्या पदार्थात ते सहज एवढं असतं. सॉस, चीज, तयार सूप यांचं तर विचारूच नका. गुलाबी मीठ, समुद्री मीठ यांनीही काही वाचत नाही, तेही सोडियम क्लोराइडच. सुरुवातीचे आठवडे सगळं अळणी लागलं, चिडचिड झाली. मग हळूहळू जीभ बदलली आणि जुनं आवडतं सूप तोंडात धरवेना.

माझी बहीण माझ्याहून खारट खाते आणि तिचं बीपी ११८/७६. अन्याय आहे, पण समजण्यासारखा. भावंडांचीही सगळी जनुकं सारखी नसतात, आणि मिठाचा परिणाम प्रत्येकावर सारखा होत नाही. शिवाय ही संवेदनशीलता वयाबरोबर वाढते, हे मी ताईला आवर्जून ऐकवलं.

दुसऱ्यांदा लघवी तपासली तेव्हा सोडियम ९५ वर आलं होतं, घरची सरासरी १३७/८७. बरंच उतरलं, पुरेसं नाही. कमी ताकदीची एक गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, या गटातल्या गोळ्यांचा जोर जास्त मिठापुढे कमी पडतो, तेव्हा गोळी आहे म्हणून सुटू नका.

जाता जाता पोटॅशियम घातलेल्या मिठाबद्दल विचारलं. चीनमधल्या खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठानं पक्षाघात कमी झाले होते. मला परवानगी मिळाली, पण गोळीमुळेही पोटॅशियम वाढू शकतं म्हणून मधून मधून रक्त तपासायच्या अटीवर. आईला मात्र साफ नकार, तिची किडनी आता थकली आहे. त्यामुळे स्वयंपाकघरात सध्या दोन बरण्या आहेत, आणि आईच्या बरणीवर मोठ्या अक्षरांत तिचं नाव.