क्रूझ जहाजाला आग लागल्याची पहिली बातमी

समुद्रात कुठेतरी एखाद्या क्रूझ जहाजाला आग लागल्याची अपुष्ट बातमी अधूनमधून येतच असते, आणि ती आली की कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत फोनाफोनी सुरू होते. बोटीवर गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात), हाऊसकीपिंगला किंवा इंजिन रूममध्ये काम करणारी मुले या पट्ट्यात इतकी आहेत, की जहाजाचे नाव नीट कळण्याआधीच ‘आपला कुठल्या बोटीवर आहे’ याची चौकशी होऊ लागते. माझी सारी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली असल्यामुळे असे फोन माझ्याकडेही येतात आणि प्रत्येकाला एवढेच विचारायचे असते, की बातमी खरी आहे का. माझे मत असे झाले आहे, की आग लागल्याची पहिली बातमी बहुधा खरीच असते. चुकतो तो तिच्या गांभीर्याचा अंदाज, आणि तो एकाच बाजूला चुकत नाही. कधी राईचा पर्वत होतो, तर कधी ‘आग विझवली, सर्व सुखरूप’ या एका ओळीखाली मोठे संकट झाकले जाते.

२६ मे २०२२ रोजी कार्निव्हल फ्रीडम हे जहाज कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड टर्क बंदरात उभे असताना त्याच्या फनेलला, म्हणजे धुराड्याला, आग लागली. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांची धुराडी देवमाशाच्या शेपटीच्या आकाराची असतात आणि दुरूनही ओळखू येतात. ती शेपटी पेटलेली, वर काळ्या धुराचा लोट आणि खाली डेकवर माणसे, असे व्हिडिओ काही वेळातच जगभर पोहोचले. पाहणाऱ्याला संपूर्ण जहाज हातचे गेले असेच वाटावे, असे ते दृश्य होते. प्रत्यक्षात कोणाला इजा झाली नाही, आग आटोक्यात आली आणि प्रवाशांना परत नेण्यासाठी कंपनीने आपले दुसरे जहाज पाठवले. फनेल हा जहाजाचा फार उंच आणि उघडा भाग असतो, त्यामुळे तिथली आग मैलोन्‌मैल दिसते. मात्र तिथे माणसे राहत नाहीत आणि धूर वरच्या वर निघून जातो. मार्च २०२४ मध्ये याच जहाजाच्या फनेलला पुन्हा आग लागली, तेव्हाही प्राणहानी झाली नाही.

आता याच्या अगदी उलट घटना पाहा. १० फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे मेक्सिकोच्या आखातात कार्निव्हल ट्रायम्फच्या मागच्या इंजिन रूममध्ये आग लागली. जहाजावर ३,१४३ प्रवासी आणि १,०८६ कर्मचारी होते. बाहेरून ज्वाळा दिसल्या नाहीत. आग विझली, कोणी जखमी झाले नाही, जहाज आपत्कालीन जनरेटरवर आहे, असे कंपनीने कळवले आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. तरीही ते जहाज टगबोटींनी ओढत अलाबामातल्या मोबील बंदरात आणले गेले, ते १४ फेब्रुवारीच्या रात्री. आधी ते मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदरात न्यायचे ठरले होते. पण इंजिन बंद पडलेले जहाज प्रवाहाबरोबर उत्तरेकडे इतके वाहत गेले, की बेतच बदलावा लागला. मधल्या दिवसांत वातानुकूलन नव्हते, बहुतेक शौचालये बंद होती आणि प्रवाशांच्या हाती प्लास्टिकच्या लाल पिशव्या देण्यात आल्या होत्या. कोंदट केबिन सोडून माणसे गाद्या ओढत डेकवर झोपायला आली. रसद घेऊन कंपनीची दुसरी जहाजे जवळ आली, तेव्हा त्यांच्या सिग्नलवर प्रवाशांचे फोन लागले आणि आतली खरी परिस्थिती घरच्यांना तेव्हा कळली.

‘आग विझली’ हे खरे असताना एवढे हाल का व्हावेत, हे समजण्यासाठी क्रूझ जहाजाची रचना थोडी माहीत असावी लागते. अशा बहुतेक जहाजांवर डिझेल इंजिने जहाज पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा थेट फिरवत नाहीत. ती वीज तयार करतात आणि त्या विजेवर पंखाही फिरतो, गॅलीही चालते, पाणीही चढते आणि शौचालयातले निर्वात खेचणारे पंपही चालतात. आग छोटी असली तरी ती मुख्य केबलच्या मार्गात किंवा स्विचबोर्डाजवळ लागली, तर न जळलेली इंजिनेही कुचकामी ठरतात. पुढची आणि मागची अशा दोन इंजिन रूम असूनही ट्रायम्फ अंधारात गेले, आणि त्याआधी ८ नोव्हेंबर २०१० रोजी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कार्निव्हल स्प्लेंडरचीही हीच गत झाली होती. आपत्कालीन जनरेटर मुद्दाम वरच्या डेकवर, इंजिन रूमपासून दूर ठेवलेला असतो. त्याच्यावर मार्गातले दिवे, फायर पंप, संपर्काची यंत्रणा अशा मोजक्याच गोष्टी चालतात. हजारो माणसांचा संसार तो ओढू शकत नाही, कारण त्याची नेमणूक त्यासाठी नसतेच.

स्प्लेंडरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अमेरिकन कोस्ट गार्डच्या चौकशीत पुढे आली. इंजिन रूममध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून आग गुदमरवण्याची जी यंत्रणा असते, ती सोडण्याचा निर्णय आग लागल्यानंतर सुमारे पाच तासांनी झाला आणि तेव्हा ती चाललीच नाही. हा वायू माणसालाही मारतो, त्यामुळे आत कोणी राहिलेले नाही याची मोजदाद झाल्याशिवाय तो सोडता येत नाही. तरीही पाच तास हा फार मोठा काळ आहे, हे इंजिन रूममध्ये काम केलेला कोणीही सांगेल. पहिल्या दिवशीच्या बातमीत यातले अवाक्षरही नव्हते आणि असणे शक्यही नव्हते.

माझा भाचा एका क्रूझ जहाजावर कुक आहे. मध्यंतरी त्याच्या जहाजाबद्दल असाच एक मेसेज गावच्या ग्रुपवर फिरला आणि धाकट्या बहिणीचा फोन आला, “दादा, बोट नकाशावरून गायब झालीय म्हणतात.” जहाजांची जागा दाखवणाऱ्या मोफत संकेतस्थळांना बहुतेक माहिती किनाऱ्यावरच्या केंद्रांकडून मिळते. जहाज किनाऱ्यापासून बरेच मैल दूर गेले, की ते या नकाशावर थबकल्यासारखे दिसते किंवा दिसेनासे होते. खोल समुद्रातली जागा उपग्रहामार्फत कळते, पण त्यासाठी बहुधा पैसे मोजावे लागतात. म्हणून नकाशावरून जहाज नाहीसे होणे हा कशाचाच पुरावा नाही. जहाज दिसत असून त्याचा वेग मात्र शून्याच्या आसपास आला असेल आणि स्थितीच्या रकान्यात ‘नॉट अंडर कमांड’ असे आले असेल, तर ती दखल घेण्याजोगी खूण आहे. त्याचा अर्थ असा, की जहाज स्वतःच्या मर्जीने वळू किंवा सरकू शकत नाही. रात्रीच्या वेळी अशा जहाजावर एकाखाली एक असे दोन लाल दिवे लावतात. भाच्याच्या जहाजावर प्रत्यक्षात लाँड्रीतल्या ड्रायरमध्ये साठलेल्या कपड्यांच्या तुसाने पेट घेतला होता आणि त्याचा स्वतःचा मेसेज येईपर्यंत ती आग विझून कपडे पुन्हा धुवायलाही पडले होते.

त्याच मेसेजमध्ये ‘प्रवाशांना लाइफजॅकेट घालून जहाज सोडण्यासाठी बोलावले’ असे एक वाक्य होते आणि बहिणीचा जीव त्यानेच सर्वाधिक घाबरा केला होता. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की प्रवाशांनी मस्टर स्टेशनवर जमायचे असते, आणि ते मुख्यतः डोकी मोजता यावीत म्हणून. जहाज सोडण्याचा आदेश वेगळा असतो आणि तो फक्त कॅप्टन देतो. बातमी देणाऱ्यांनी हा फरक पाळला, तर निम्मी घबराट कमी होईल. पण तशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. घरच्यांनी अशा वेळी ज्या परवानाधारक एजंटामार्फत मुलगा बोटीवर गेला असेल, त्याला फोन करावा आणि तो दाद देत नसेल, तर मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाकडे चौकशी करावी. मुलाच्या करारपत्राची एक प्रत आणि जहाजाचे अचूक नाव घरात असेल, तर काम फार सोपे होते, कारण एकाच कंपनीची जहाजे नावात सारखी असतात.

नावावरून होणारा हा गोंधळ २०१२ साली सर्वांत जास्त जाणवला. १३ जानेवारीला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कोन्कॉर्डिया खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्यांत मुंबईच्या एका तरुण कर्मचाऱ्याचा समावेश होता आणि त्याचे अवशेष सापडण्यासाठी नोव्हेंबर २०१४ उजाडावा लागला. कोन्कॉर्डियानंतर दीड महिन्याने, २७ फेब्रुवारीला, त्याच कंपनीचे कोस्टा अलेग्रा हे जहाज सेशेल्सजवळ आग लागून बंद पडल्याची बातमी आली. सोमाली चाच्यांची भीती असलेला तो समुद्र आणि हजाराहून अधिक माणसे असलेले, वीज गेलेले जहाज, एवढे ऐकल्यावर लोकांनी उरलेले मनानेच रचले असल्यास नवल नाही. आग जनरेटरच्या दालनात लागली होती आणि विझली होती. कोणी दगावले नाही. मदतीला सर्वांत आधी पोहोचली ती त्रेव्हिन्यों नावाची, ट्यूना मासे पकडणारी फ्रेंच बोट. तिने अलेग्राला दोर बांधून १ मार्चला माहे बेटावर आणले. प्रवासी घरी गेले आणि बातमी संपली.

ती खरे म्हणजे तिथे संपायला नको होती. कोस्टा आणि कार्निव्हल या दोन्ही एकाच उद्योगसमूहाच्या कंपन्या आहेत. ट्रायम्फच्या प्रवाशांनी भरलेल्या दाव्यांत डिसेंबर २०१३ मध्ये जी कागदपत्रे बाहेर आली, त्यांवरून असे दिसले, की अलेग्राच्या आगीनंतर समूहाने आपल्या जहाजांची पाहणी केली होती आणि इंधनाच्या लवचिक होजमधून, म्हणजे नळ्यांमधून, गळती झाल्याच्या नऊ घटना दोन वर्षांत घडल्याचे त्यांना आढळले होते. या होजवर गळतीचा फवारा अडवणारी आवरणे बसवावीत, अशी सूचना जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे ट्रायम्फच्या आगीच्या महिनाभर आधी, निघाली होती. ट्रायम्फच्या सहा क्रमांकाच्या इंजिनाची जी इंधन परतीची होज गळली, ती मात्र फ्लोअर प्लेटच्या, म्हणजे पायाखालच्या लोखंडी पाट्यांच्या, खाली होती. आपली सूचना प्लेटच्या वरच्या होजपुरती होती, अशी कंपनीची बाजू होती.

हे वाचल्यावर मला काय वाटले असेल, ते इंजिन रूममध्ये वॉच (पहाऱ्याची पाळी) केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. फ्लोअर प्लेट म्हणजे आम्ही ज्यावर चालतो ती खवल्याखवल्यांची लोखंडी पाटी. तिचे स्क्रू काढून ती उचलली, की खाली बिल्ज (जहाजाच्या तळाची, सांडलेले पाणी-तेल साठणारी जागा), पाइपांची गर्दी आणि त्यांतून गेलेली होज दिसते. टॉर्च मारून होजच्या वरची तारांची वीण कुठे उसवली आहे का, ती शेजारच्या पाइपावर घासते आहे का, जोडाशी ओलसरपणा आहे का, हे पाहायचे असते. पाटी उचलायचा कंटाळा केला तर यातले काहीच दिसत नाही. दाबाखालचे इंधन बारीक भेगेतून निघाले, की त्याचे थेंब न पडता धुके होते, आणि हे धुके एक्झॉस्टच्या उघड्या पडलेल्या भागाला लागले, की ठिणगीचीही गरज लागत नाही. म्हणूनच २२० अंशांहून जास्त तापणारे पृष्ठभाग उष्णतारोधक आच्छादनाने झाकावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हे आच्छादन दुरुस्तीसाठी काढतात आणि घाईत पुन्हा नीट बसवत नाहीत, हा सर्व प्रकारच्या जहाजांवरचा जुना रोग आहे.

सगळ्या आगी इंजिन रूमच्याच असतात, असे मात्र समजू नये. २३ मार्च २००६ रोजी जमैकाच्या वाटेवर असलेल्या स्टार प्रिन्सेस जहाजाच्या एका बाल्कनीत, बहुधा टाकून दिलेल्या सिगारेटमुळे, आग लागली आणि बाल्कन्यांमधल्या प्लास्टिकच्या आडभिंतींवरून ती पाहता पाहता वरच्या मजल्यांवर चढली. एक प्रवासी धुराने दगावला आणि ७९ केबिन पूर्ण निकामी झाल्या. बाहेरून दिसणारी प्रत्येक आग फनेलच्या आगीसारखी निरुपद्रवी नसते. व्हिडिओत ज्वाळा केबिनच्या रांगेत दिसत असतील, तर काळजी करण्याचे खरोखरच कारण आहे. या घटनेनंतर बाल्कनीत काय जळाऊ असावे आणि काय नसावे याचे नियम बदलले आणि ते जुन्या जहाजांनाही लागू झाले.

इंजिन रूमच्या आगींबाबत मात्र नियम तितका मागे गेला नाही. एका ठिकाणी ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागली, तरी जहाजाला स्वतःच्या बळावर बंदर गाठता आले पाहिजे, असा नियम १ जुलै २०१० पासून बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना लागू आहे. ट्रायम्फ १९९९ चे आणि स्प्लेंडर २००८ चे, म्हणजे दोन्ही त्याआधीची. ट्रायम्फनंतर कार्निव्हलने आपल्या जहाजांवर जादा आपत्कालीन वीज आणि अग्निशमनाच्या सुधारणांसाठी ३० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. ट्रायम्फही डागडुजी होऊन पुन्हा धावू लागले आणि २०१९ पासून ते कार्निव्हल सनराइज या नावाने ओळखले जाते. जुलै २०१० आधी बांधलेली बरीच जहाजे आजही प्रवासी घेऊन फिरत आहेत, त्यामुळे आगीची नवी बातमी आली की मी ज्वाळांच्या व्हिडिओआधी जहाजाचे बांधणीचे वर्ष शोधतो, आणि त्यानंतर पंखे फिरत आहेत की नाहीत याची वाट पाहतो.